शोकेसच्या काचेतला धडा

आमच्या घरी टीव्ही आला तो माझ्यासाठी. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं ऐकून कुणालाही वाटेल की तो म्हाताऱ्यांच्या करमणुकीला आणला होता. पप्पांनी तो माझी शाळा सुटू नये म्हणून आणला. आणि त्याच टीव्हीपायी माझी शाळा सुटायची वेळ आली.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आम्ही कोकणातले यहुदी; मुंबईहून इस्राएलात, किर्यात गात या गावी येऊन आम्हाला काही वर्षं झाली होती. मुंबईत पप्पा गोदीत हेडक्लार्क होते. टाय लावून जायचे आणि येताना कोपऱ्यावरचा इराणी त्यांना सलाम करायचा. इथे हिब्रू येत नाही म्हणून त्यांना कापडाच्या कारखान्यात गठ्ठे उचलायला लावलं. एक दिवस गठ्ठ्यासकट घसरले आणि कंबर गेली. मग चामड्याचा रुंद पट्टा बांधून घरी बसायचं, एवढंच त्यांच्या हातात राहिलं. आई त्याच कारखान्यात दुसऱ्या पाळीला जायची. दुपारी निघायची ती रात्रीच परत. केसात कापसाचे तंतू, कानात कापसाचे तंतू. जेवताना घास हातात धरून झोपून जायची.

मग घर कुणी बघायचं? मी. पप्पांना शेक दे, भाजी आण, भात टाक, दवाखान्याच्या रांगेत उभी राहा. आठवड्यात एखादा दिवस शाळा बुडायची, मग दोन, मग मोजणंच सोडलं. हिब्रू मला कानानं यायचं, बोलायची कधी पंचाईत झाली नाही. पण गणित असं कानानं येतं होय? वर्ग पुढे निघून गेला आणि मी मागच्या बाकावर बसून फळ्याकडे नुसती बघत राहायचे.

एक दिवस शाळेतली सल्लागार बाई घरी आली. पप्पांसमोर बसून तिनं हिब्रूत सांगितलं आणि मीच त्याचं मराठी करून पप्पांना सांगितलं. म्हणजे माझ्याविरुद्धचा निकाल मीच वाचून दाखवला म्हणा ना. ती म्हणाली, "मुलगी मागे पडत चाललीय. हिला शिलाईच्या वर्गाला घाला. वर्षभरात कारखान्यात लागेल." आमच्या गावात तेव्हा हिंदुस्थानातून आलेल्या आणि मोरोक्कन पोरींची हीच वाट होती. शिलाईचा वर्ग, मग कारखाना, मग कापसाचे तंतू.

शिलाईला मी नावं ठेवत नाही. पण मला शाळेत राहायचं होतं. का, ते मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. आईच्या कानातला कापूस मी रोज बघत होते आणि हे एक दार लागलं की लागलं, एवढंच मला कळत होतं. मी पप्पांना शेवटचं वाक्य मराठीत सांगितलं आणि तोंड फिरवलं. पप्पांना काय ते समजलं. त्यांनी बाईला मोडक्या हिब्रूत विचारलं, "दुसरं काही? दुसरा रस्ता?"

दुसरा रस्ता होता. त्या वर्षी शाळेनं नवी टूम काढली होती. टीव्हीवर दुपारी शाळेचे धडे दाखवायचे. काठावरच्या पोरांनी ते धडे घरी बघायचे आणि आठवड्यातून दोनदा शाळेमागच्या मिकलातमध्ये यायचं. मिकलात म्हणजे बॉम्ब पडले तर लपायचं तळघर. एरवी तिथे मोडकी बाकं टाकलेली असायची. तिथे सक्तीच्या लष्करी नोकरीतली एक मुलगी, आमच्याहून थोडीच मोठी, गणवेशात यायची आणि वही तपासायची. टीव्हीवाल्यांनी छापलेली वही होती ती. तिच्यात पानापानावर रिकामे चौकोन. पडद्यावर मास्तर जे काढेल ते बघून चौकोनात उतरवायचं. शेवटी गणिताची परीक्षा. पास झाली तर पोरगी शाळेत राहील, नाही तर शिलाई.

"टीव्ही आहे का घरी?" बाईनं विचारलं. पप्पा म्हणाले, "आहे." सपशेल खोटं! पण कंबरेची भरपाई मिळाली होती आणि त्याच आठवड्यात टीव्ही घरात आला. आईनं त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं, शिरा केला. पप्पा सगळ्यांना सांगत सुटले, "माझ्या पोरीच्या शिक्षणाला आणलाय." मी त्या दिवशी इतकी खूश होते की टीव्ही बंद असतानासुद्धा समोर बसून राहिले.

पहिला धडा मी एकटीनं बघितला. पातळ मिशांचा मास्तर होता. खडूनं सावकाश रेघा काढायचा आणि प्रत्येक रेघेनंतर म्हणायचा, "जसं तुम्ही बघता आहात." मी बघत होते. अगदी डोळे फाडून बघत होते. माझा चौकोन भरला आणि बऱ्याच महिन्यांनी गणितातलं काहीतरी मला समजलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर थाप. रेल्वेवाले काका. हे मुंबईत रेल्वेच्या कचेरीत होते, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. "काय, टीव्ही आणला म्हणे? बघू तरी." त्यांच्या पाठोपाठ समोरची मावशी आली, जाड भिंगाचा चष्मा लावून. नात्यानं मावशी नव्हे, पण आमच्या लोकांत समोर राहणारी म्हणजे मावशीच. मग पाळी संपवून आलेले दोघे-तिघे, त्यांच्या बायका. आमच्या जिन्यात तेव्हा दुसरा टीव्ही फक्त खालच्या मोरोक्कन बाईकडे. आणि दुपारी टीव्हीवर धड्यांशिवाय काही नसायचं. मग धडेच बघू! त्यांना काय त्याचं?

पप्पा पट्टा सावरत उठले, खुर्च्या सरकवल्या आणि आत बघून म्हणाले, "चहा टाक गो पोरी."

झालं. इथून माझी दशा सुरू झाली.

आमच्या घरात आलेल्याला चहा न देता पाठवणं ही गोष्टच नाही. मुंबईत नव्हती, त्याआधी कोकणातल्या गावात नव्हती. आईनं तर भाडं मागायला आलेल्यालासुद्धा आधी चहा दिलेला आहे. आणि चहा घरच्या मुलीनंच करायचा. त्यातसुद्धा सगळ्यांना एकसारखा चालेल तर शपथ! काकांना कडक, मावशीला साखर कमी, एकाला गवती चहा घालून, एकाला दूध वेगळं. गवती चहाचा डबा गॅलरीत, दुधाची पिशवी फोडताना अर्धी ओट्यावर. पहिला कप बाहेर जाईस्तोवर मास्तर चौथ्या रेघेवर पोचलेला असायचा. कप गोळा करून विसळेपर्यंत धडा संपून शेवटचा बाजा वाजत असायचा.

हे रोज. शनिवारचा शब्बाथ सोडून रोज. सगळे वेळेवर हजर, कामाला जावं तसे. मावशी तर मास्तर पडद्यावर आला की डोक्यावरून पदर घ्यायची, परका पुरुष बघतोय म्हणून. मास्तर "शलोम" म्हणाला की सगळे एका सुरात "शलोम" म्हणायचे. हिब्रू कुणाला धड कळत नव्हतं, गणित तर नाहीच. पण काका मध्येच म्हणायचे, "माणूस हुशार आहे हां!" आणि बाकीचे माना डोलवायचे. आज हसू येतं. तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खरं सांगते, एकदा मी त्या चहात थुंकायच्या बेतात होते.

स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये भिंत. दारातून नुसत्या पाठी दिसायच्या आणि काकांचं टक्कल. मास्तरचा आवाज मात्र स्पष्ट यायचा. "आता इथून इथपर्यंत... जसं तुम्ही बघता आहात." कुठून कुठपर्यंत, मेल्या? मी हातात चिमटा धरून ओरडायचे, "पप्पा, काय काढलं हो त्यानं?"

आणि पप्पा तिथूनच, मान न वळवता, "रेघा आहेत गो. तू चहा बघ, उतू जाईल."

मिकलातमध्ये त्या लष्करातल्या मुलीनं माझी वही उघडली. शब्द सगळे लिहिलेले, उत्तरं लिहिलेली, चौकोन रिकामे. "चित्रं कुठे आहेत?" मी म्हटलं, "मी चहा करत होते." तिला वाटलं मी थट्टा करतेय. मग मी सगळं सांगितलं. ती हसली, वाईट नाही, आपलं साधं हसली आणि म्हणाली, "मग सांग ना त्यांना, घरी जा म्हणावं. धडा आहे, शिकायचंय. बेसेदेर?"

बेसेदेर म्हणजे ठीक आहे ना. ठीक! तिच्या घरी असेल ठीक. मी घरी आलेल्या मोठ्या माणसाला, ज्यांना मी काका म्हणते त्यांना सांगू, उठा आणि चालते व्हा? तिला हे कुठल्या भाषेत समजवायचं ते मला सुचेना. मी "बेसेदेर" म्हटलं आणि वही पिशवीत टाकली.

एकदा मी वेगळा प्रयत्न करून बघितला. धड्याच्या वेळी गुपचूप खाली मोरोक्कन बाईकडे गेले. चांगली बाई, तिनं बसायला जागा दिली, खारे दाणे दिले. मास्तर आला, त्यानं खडू उचलला. आणि वरून गॅलरीतून पप्पांची हाक. अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशी. "अगो, कुठे गेलीस? माणसं आलीत!" मोरोक्कन बाईनं माझ्याकडे बघितलं. मी जिना चढले. चढताना रडले आणि दारात येईपर्यंत डोळे पुसले.

शब्बाथच्या सकाळी आई घरी असायची. मी तिला म्हटलं, "तू सांग पप्पांना. मला मेलं काही दिसत नाही. मी नापास होणार." आई तांदूळ निवडत होती. तिनं दोन खडे बाजूला काढले. मग हळू आवाजात म्हणाली, "पप्पांना काही बोलू नकोस गो. कारखान्यात त्यांना पोरगासोरगासुद्धा एकेरीत हाक मारायचा. आता ही माणसं येतात, त्यांना 'साहेब' म्हणतात, त्यांच्या घरी बसतात. दाढी करायला लागलेत बघितलंस ना? तेवढंच राहिलंय त्यांच्याजवळ."

मी बघितलं होतं. टीव्ही आल्यापासून पप्पा दुपारी इस्त्रीचा शर्ट घालत होते. पट्टा शर्टाच्या आत बांधायचे, दिसू नये म्हणून. काकांनी काही विचारलं की मुंबईतल्यासारखे घसा खाकरून बोलायचे. म्हणजे मी तोंड उघडलं तर पप्पांचा मान जाणार आणि नाही उघडलं तर माझी शाळा जाणार. "आणि माझ्याजवळ काय राहिलंय?" मी आईला विचारलं. आई तांदूळ निवडत राहिली. मला तिचा इतका राग आला की मी दिवसभर तिच्याशी बोलले नाही. तिला आठवड्यात तेवढीच एक सुट्टी असायची.

मग मला शोकेस सुचलं. बैठकीत स्वयंपाकघराच्या दारासमोर काचेचं शोकेस होतं. आत मुंबईहून आणलेल्या कपबशा आणि आईची पितळी समई. त्याचं काचेचं दार जरासं उघडून एका ठरावीक कोनात ठेवलं की त्यात टीव्ही दिसायचा! छोटा, धूसर, मध्ये कपबशांची नक्षी. पण दिसायचा. रोज माणसं यायच्या आधी मी दार तेवढंच उघडून ठेवायचे आणि खाली घडी केलेला कागद सारायचे. एका हातानं चहा ढवळायचा आणि एका हातानं ओट्यावर वही. कधी मावशी खुर्ची सरकवायची आणि अर्धी रेघ तिच्या अंबाड्यामागे जायची.

काचेत उलटं, डाव्याचं उजवं दिसतं हे मला कळत होतं. एवढी काही मी बावळट नव्हते. अक्षरं, आकडे मी मनात सुलटे करायचे, कारण ते आधीपासून माहीत असतात. पण जी रेघ आयुष्यात कधी बघितलीच नाही तिची सुलटी बाजू कुठली, हे कसं कळावं? आणि वर चहा उतू जायच्या बेतात, बाहेरून हाक, "अगो, झाला का?" माझे चौकोन भरायला लागले. मिकलातमधल्या मुलीनं वही चाळली, तिला घाई होती, तिनं "शाबास" म्हटलं. मी त्या शाबासकीवर आठवडाभर जगले.

परीक्षा झाली. मला पेपर सोपा गेला. खरंच सोपा गेला! हिशेब भराभर झाले, रेघा भराभर काढल्या. घरी येऊन मी पप्पांना सांगितलं, "मी राहिले शाळेत, धरून चाला." पप्पांनी त्या दुपारी माणसांना सांगितलं आणि काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सगळ्यांना बिस्किटांसकट चहा दिला.

आणि मी नापास झाले.

मिकलातमध्ये त्या मुलीनं पेपर माझ्यासमोर ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. "मला कळतच नाही," ती म्हणाली. "तुझे सगळे हिशेब बरोबर. सगळी चित्रं चूक. जी रेघ वर चढायला पाहिजे ती तू खाली उतरवलीस. प्रत्येक. एकही सुटली नाही. कुणी असं मुद्दाम करील तरच होईल." मी पेपरकडे बघितलं.  तिनं विचारलं, "तू टीव्ही बघतेस तरी कुठून?"

मी म्हटलं, "शोकेसच्या काचेतून."

 मग तिनं मला दोनदा विचारलं, नक्की कुठे उभी असतेस, टीव्ही कुठे, काच कुठे. तिनं कागदावर आमच्या घराचा नकाशा काढला. चूल, भिंत, काच, टीव्ही. तो कागद घेऊन ती सल्लागार बाईकडे गेली आणि बाहेर बाकावर बसून मला आतला चढलेला आवाज ऐकू येत होता. बाहेर आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. फेरपरीक्षेला बसता येईल, म्हणाली. पंधरवड्यानं. तेवढ्यात रेघांचे धडे टीव्हीवर पुन्हा दाखवणार होते. "पण आता समोर बसून बघ," ती म्हणाली. "यानंतर माझ्या हातात काही नाही."

त्या दिवशी मी घरी चालत आले ती कशी आले मला आठवत नाही. वाटेत शिलाईच्या वर्गाची खिडकी लागते. आत मशिनी चालू होत्या, ओळखीच्या पोरी वाकून बसल्या होत्या. एकीनं वर बघून हात हलवला. मी पळत सुटले.

धड्याच्या दिवशी दुपारी मी खुर्च्या मांडल्या. नेहमीसारख्या. मग वही आणि पेन्सिल घेतली आणि अगदी टीव्हीसमोर, जमिनीवर बसले. माणसं आली, माझ्यामागे बसली. काका म्हणाले, "आज पोरगी पुढे बसलीय वाटतं!" सगळे हसले. मास्तर आला. मावशीनं पदर घेतला. शलोम झालं.

"चहा टाक गो पोरी," पप्पा म्हणाले.

मी उठले नाही.

"अगो, ऐकलंस का? माणसं आलीत."

मास्तरनं खडू उचलला. मी पडद्यावरची नजर काढली नाही, कारण काढली असती तर मी उठलेच असते. मी म्हटलं, "नाही पप्पा. मी आज उठणार नाही."

मागे एकदम सगळं थांबलं.  पप्पांनी माझं नाव घेतलं, ते रागावले की घ्यायचे तसं, पूर्ण. मी मान खाली घातली आणि आडवी रेघ काढली. रेघ वाकडी आली. मला भीती वाटत होती की ते येऊन मला धरून उठवतील. त्यापेक्षा मोठी भीती होती ती, की ते काहीच बोलणार नाहीत.

ते काहीच बोलले नाहीत. खुर्ची करकरली. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, पप्पा एका हातानं कंबर धरून उठत होते. काका म्हणाले, "राहू द्या हो साहेब, आम्ही काय चहाला आलोय का!" पप्पा म्हणाले, "असं कसं." आणि आत गेले.

माझ्या पप्पांनी आयुष्यात कधी चूल पेटवली नव्हती. आतून काडी ओढल्याचा आवाज, विझली. पुन्हा काडी. भांडं पडलं. कपाटाची दारं एकामागून एक उघडत होती, साखर कुठे ते त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. दोन पावलांवर होतं सगळं. मी चढती रेघ काढली, चढतीच काढली, आणि वहीच्या पानावर टपटप पाणी पडलं.

चहा आला. गाळणं त्यांना सापडलं नव्हतं. कपाकपात चहाची पूड तरंगत होती आणि बशा भरलेल्या, कारण वाकता येत नव्हतं म्हणून सांडलं होतं. सगळ्यांनी मुकाट्यानं प्यायला. काका म्हणाले, "फर्स्ट क्लास!" मावशीनं दातातली पूड पदराच्या टोकानं पुसली. पप्पांचा इस्त्रीचा शर्ट पोटावर ओला झाला होता आणि त्यातून पट्टा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. खुर्च्या मी मांडल्या होत्या, त्या रिकाम्या. भांडण नाही, तंटा नाही. आमची माणसं तशी भांडत नाहीत. जिन्यात भेटले की काका म्हणायचे, "येऊ हो एकदा, कंबर बरी होऊ दे साहेबांची." पप्पांनी दाढी करणं सोडलं. इस्त्रीचा शर्ट घडी होऊन कपाटात गेला. माझ्याशी ते बोलेनासे झाले. रागानं नव्हे, राग मी समजून घेतला असता. ताट पुढे ठेवलं की जेवायचे, शेक दिला की पाठ पुढे करायचे. आईनं एकदा दोघांकडे बघितलं आणि डोळ्याला पदर लावला.

मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण घर इतकं गप्प झालं होतं की मला टीव्हीचा आवाज कमी करावासा वाटायचा.

फेरपरीक्षेत मी पास झाले. ती लष्करातली मुलगी मिकलातच्या पायऱ्यांवर उभी होती, तिनं लांबूनच दोन्ही हात वर केले. मी घरी आले, पप्पांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "पप्पा, राहिले मी शाळेत." ते खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी मान हलवली. एवढंच. मी आत गेले, नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडले. ह्याच्यासाठी केलं होतं सगळं?

धडे चालूच होते, पुढच्या गणिताचे. मी रोज दुपारी समोर बसायचे, एकटी. पप्पा मागे त्यांच्या खुर्चीत, पडद्याकडे बघतात की भिंतीकडे, कळायचं नाही. त्या दिवसापासून स्वतःचा चहा मात्र ते स्वतः करायचे. मी उठायला लागले की हातानं खूण करायचे, बस म्हणून. मग कंबर धरून आत जायचे. काडी आता पहिल्या फटक्याला पेटायची.

असाच एक दिवस. पप्पा आत, भांड्यात पाणी पडल्याचा आवाज. मास्तरनं खडू उचलला, मोठं काहीतरी काढायला घेतलं. "जसं तुम्ही बघता आहात," तो म्हणाला.

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला. किती दिवसांनी. जरा बसलेला, घसा न खाकरलेला.

"काय काढलं गो त्यानं?"

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. किती दुपारी मी ते तोंडात घोळवलं होतं. रेघा आहेत पप्पा, तुम्ही चहा बघा, उतू जाईल. ओठापर्यंत आलं होतं.

मी म्हटलं, "पप्पा, एक आडवी रेघ आहे, पायरीसारखी सरळ. तिच्या डाव्या टोकापासून दुसरी निघते, ती वर चढते."

"किती वर?"

"समोरच्या इमारतीच्या गच्चीकडे बघावं लागतं तेवढी."

 मग चहा उतू गेल्याचा वास आला, चुलीवर चर्र झालं. पप्पा ते पुसायला वळले असतील असं मला वाटलं. पण त्यांनी तिथूनच विचारलं, "मग? पुढे?"

मी पुढची रेघ सांगितली.